ग्रहण अंगणांत बसून पाहा

(यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यांतील एका खेड्यांत, चावडीपुढें जमलेल्या मंडळींसमोर एका शाळामास्तरानें केलेलें भाषण.)



दिवसभर कापूस वेचून, गुरांचें वैरणपाणी आटोपून तुम्ही थकल्या अंगानें येथें आलां आहांत. तेव्हां नमनाला घडाभर तेल न घालतां मी मुद्यावर येतों.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीं आपल्या गांवावरून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. तुम्ही म्हणाल, मास्तर, इतक्या आधींपासून ही दवंडी कां? त्याचें कारण असें, कीं ग्रहणाच्या दिवशीं सकाळीं उठून घरच्यांची समजूत घालूं म्हटलें तर ती घातली जात नाहीं. हें मी स्वतःच्या घरावरून सांगतों. माझ्या घरची गोष्ट मी माझ्या आईला आणि कुटुंबाला विचारून येथें सांगत आहें. त्या दोघी समोर बसल्या आहेत.

१५ जून २०११ ची ती रात्र. वटपौर्णिमा होती. माझी बायको सहा महिन्यांची गरोदर, आणि त्यांत वडाचा उपास. मध्यरात्रीच्या आधीं ग्रहण लागणार, म्हणून दुपारीं तीनच्या सुमारासच वेध धरले. आईनें तिला आंतल्या खोलींत बसविलें. खिडकीला गोधडी लावली. पाणी प्यायचें नाहीं, झोपायचें नाहीं, अंग खाजवायचें नाहीं, हातीं विळा, सुई कांहीं धरायचें नाहीं. जूनचा आपल्याकडचा उकाडा तुम्हांला ठाऊकच आहे. ग्रहण सुटलें पहाटे साडेतीनला. त्याच्या आधींच तिला भोंवळ आली आणि ती भिंतीला टेकून खालीं घसरली.

मी काय करीत होतों? मी ओसरीवर बसलों होतों. दोनच महिन्यांपूर्वीं मीं वर्गांत कंदील, लिंबू आणि बोर घेऊन मुलांना ग्रहण शिकविलें होतें. पण घरीं आई म्हणाली, "एका रातीचं त काम हाये बाबू," आणि मी गप्प बसलों. सकाळीं बायको मला एवढेंच म्हणाली, "काहो, शाळेतलं गिरान येगळं अन् घरचं येगळं असते काय?" मला उत्तर देतां आलें नाहीं. आजचें हें भाषण म्हणजे तें राहिलेलें उत्तर आहे असें समजा.

आतां ग्रहण म्हणजे काय तें पाहूं. एक चांगलें मोठें लिंबू घ्या. ती आपली पृथ्वी. एक गांवठी बोर घ्या, तो चंद्र. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि चंद्राचा ३,४७४, म्हणजे हें प्रमाण बरोबर जमतें. आतां बोर लिंबापासून किती लांब धरावें? शाळेच्या चित्रांत तें शेजारींच काढलेलें असतें, पण खरें अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या हिशेबानें बोर लिंबापासून सव्वातीन हात दूर धरलें पाहिजे.

उन्हांत उभ्या राहिलेल्या माणसाची सावली जशी एका बाजूला पडते, तशी पृथ्वीचीही पडते. सूर्य पृथ्वीहून फार मोठा, म्हणून ही सावली दूर जातां जातां निमुळती होत जाते आणि सुमारें चौदा लाख किलोमीटरांवर संपते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला येतो. त्या वेळीं तो या सावलींत शिरला कीं त्यास आपण चंद्रग्रहण म्हणतों. एवढेंच.

मग दर पौर्णिमेला ग्रहण कां नाहीं, असा प्रश्न मागें एका मुलीनें वर्गांत विचारला, आणि तो फार चांगला प्रश्न आहे. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशीं सुमारें पांच अंशांनीं कललेली आहे. आपल्या लिंबाच्या हिशेबानें बोर अर्ध्या वितीहून अधिक वर किंवा खालीं जाऊं शकतें, आणि सावली तर तेथें अवघी दोन बोटें रुंद. म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाहीं तर खालून निघून जातो. दोन्ही वाटा जेथें एकमेकींना छेदतात, त्याच जागेच्या आसपास पौर्णिमा पडली तर ग्रहण होतें. या दोन छेदनबिंदूंना आपल्या ज्योतिषांत राहू आणि केतु हीं नांवें आहेत. गणितांतल्या जागा त्या. कथेंत त्यांना दांत फुटले.

हें ज्ञान परदेशांतून काल आलेलें आहे असेंही कोणी समजूं नये. आर्यभटानें इसवी सन ४९९ च्या सुमारास स्पष्ट लिहून ठेवलें, कीं चंद्राला झांकते ती पृथ्वीची छाया. वराहमिहिरानें पुढल्या शतकांत तेंच सांगितलें. आणि पंचांगच पाहा ना. ग्रहणाचा स्पर्श किती वाजतां, मोक्ष किती वाजतां, हें त्यांत आधींच छापून येतें. एखादा राक्षस भूक लागली म्हणून चंद्राला धरीत असता, तर त्याच्या भुकेची वेळ मिनिटासकट कोणाला आधीं कळली असती? पंचांग करणारा हिशेब करतो तो सावलीचा. आपल्यापर्यंत मात्र राहूचें भय तेवढें येऊन पोंचतें, हिशेब येत नाहीं. चौदा-पंधराशें वर्षें झालीं, तरी हें ज्ञान आपल्या चुलीपर्यंत कां आलें नाहीं, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

ज्याच्या हातीं हिशेब आहे तो बेहिशेबी माणसाला कसा नाचवितो, याचें एक उदाहरण सांगतों. सन १५०४ मध्यें कोलंबस जमेका बेटावर अडकून पडला होता. तेथल्या मूळच्या लोकांनीं त्याच्या माणसांना अन्न देणें थांबविलें. कोलंबसाजवळ पंचांगासारखें पुस्तक होतें. २९ फेब्रुवारीला चंद्रग्रहण आहे हें त्यांत पाहून त्यानें त्या लोकांना धमकी दिली, कीं माझा देव कोपला आहे, आज चंद्र लाल होईल. चंद्र लाल झाला. बिचारे लोक अन्न घेऊन धांवत आले. फसविणारा परका होता, पण युक्ति आपल्या ओळखीची आहे. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' नांवाचें नाटक लिहिलें. त्यांत एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांचें भय घालून एक जोशी कसा लुबाडतो, हें दाखविलें आहे. आणि शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेंत शिकायला जायचें ठरवितें. पोटुशी बाई आणि ग्रहांचें भय! पावणेदोनशें वर्षें होत आलीं, आणि माझ्यासारख्या शिकलेल्याच्या घरींही तोच खेळ चालला होता.

दानाचेंही तसेंच. ग्रहण सुटलें कीं गांवकुसाबाहेरच्या आपल्या बांधवांना गल्लोगल्लीं दान मागत हिंडावें लागे आणि आपण जुनेर व मूठभर धान्य त्यांच्या ओटींत वरून टाकीत असूं. त्यांचीं नातवंडें आज माझ्या वर्गांत तुमच्या नातवंडांच्या मांडीला मांडी लावून बसतात. द्यावयाचें असेल तर त्या वर्गाला वह्या द्या, आणि कोणत्याही दिवशीं द्या. चंद्राच्या सुटकेशीं त्याचा संबंध नाहीं.

आतां मायबहिणींच्या मुख्य भीतीकडे येतों. ग्रहणांत कांहीं चिरलें, कापलें, तर मूल फाटक्या ओठाचें होतें असें म्हणतात. मायबहिणींनो, हें नीट ऐका. पोटांतल्या बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यांत तयार होतो. टाळू नवव्या आठवड्यापर्यंत जुळते. कित्येक बायांना दिवस गेल्याचेंसुद्धां तोंवर धड कळलेलें नसतें. तें जुळायचें राहिलें तर ओठ दुभंगलेला राहतो. त्याला कांहीं अंशीं आनुवंशिक कारण असतें; आईच्या अंगांत फॉलिक आम्ल कमी असणें, विडी-सिगारेटचा धूर, कांहीं औषधें, हींही कारणें असूं शकतात. पांचव्या, सातव्या महिन्यांत लागलेलें ग्रहण दुसऱ्या महिन्यांत जुळून गेलेला ओठ उसवील कसें?

तेव्हां खबरदारी घ्यावयाची ती ही, कीं दिवस राहण्याच्या आधींपासून आणि राहिल्यावर आशाताई देतात त्या गोळ्या नेमानें घ्या, घरांत विडी ओढूं देऊं नका, तंबाखूला आणि खर्र्याला शिवूं नका. आणि एखादें मूल तसें जन्मलेंच, तर त्याला लपवूं नका. ओठ व टाळू शस्त्रक्रियेनें शिवतां येतात. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अशा मुलांना उपचार मिळण्याची सोय केलेली आहे. आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत विचारा. खरा धोका आहे तो पोटुशीला बारा-बारा तास बिनपाण्याची कोंडून ठेवण्याचा. तसेंच साखरेच्या आजाराचीं म्हातारी माणसें गोळी घेतात आणि वेधामुळें जेवत नाहींत. त्यांच्याही जिवाला त्यांत अपाय आहे.

अन्नाविषयीं दोन शब्द. २८ ऑक्टोबर २०२३ ला कोजागिरीच्याच रात्रीं उशिरा खंडग्रास ग्रहण लागलें. चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा हिस्सा झांकला होता, पण केवढी धांदल! कोणी आटवलेलें दूध सूर्य बुडतांच पिऊन टाकलें, कोणी तें केलेंच नाहीं. सावली पडली म्हणून दूध नासत असतें तर आपल्या झाडाखालच्या माठांतलें पाणी रोजच नासलें असतें. दूध नासतें तें उष्म्यानें आणि न झांकल्यानें. तें ग्रहणांतही झांका, एरवींही झांका.

आणखी एक पुरावा लोक देतात तो मुसळाचा. परातींत पाणी घालून मुसळ उभें करतात. ग्रहण असेतों तें उभें राहतें, सुटलें कीं पडतें, असें सांगतात. मीं शाळेंत मुलांकडून तीन घरांतलीं तीन मुसळें आणविलीं. दिवस साधा, ग्रहण ना अमावास्या. दोन मुसळें कोरड्या परातींत उभीं राहिलीं; तिसऱ्याचें बूड झिजून वांकडें झालें होतें, तें राहीना. एक तर शाळा सुटेपर्यंत तसेंच उभें होतें आणि शेवटीं एका पोराचा पाय लागून पडलें. ज्याचें बूड सपाट तें उभें राहतें. तुम्ही आज घरीं जाऊन करून पाहा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवूं नका.

आतां घरच्या गोष्टीचा दुसरा भाग. ३१ जानेवारी २०१८ ला संध्याकाळीं चंद्र उगवला तोच ग्रासलेला. थंडीचे दिवस, आभाळ स्वच्छ. त्या वेळीं मीं आधीं चार महिने घरीं बोलून ठेवलें होतें. शेजारणीची सून पोटुशी होती, तिलाही बोलावलें. अंगणांत बाज टाकली, शेंगा भाजल्या. माझी सहा वर्षांची मुलगी, म्हणजे तीच जी २०११ च्या ग्रहणांत आईच्या पोटांत होती, ती पुढें बसली. सूर्य बुडाल्यावर कांहीं वेळ चंद्र सांपडेचना. मग तुरीच्या शेतावर एक अंधुक तांबूस गोळा दिसला. अंधार वाढला तसा तो तांब्याच्या घंगाळासारखा दिसूं लागला. आई दारांत उभी होती, पदर तोंडावर धरून. थोड्या वेळानें ती पायरीवर आली, मग बाजेवर येऊन बसली.

साडेसातनंतर चंद्राच्या कडेला उजेड फुटला. पावणेनऊच्या आंत सारा चंद्र मोकळा झाला. सगळीं घरोघरीं गेलीं, आई उठेना. मग तिनें मला विचारलें, "मंग त्या पोट्ट्याचं काय?"

माझ्या आधीं तिला एक मुलगा झाला होता. त्याचा ओठ फाटलेला, टाळू उघडी. त्याला दूध ओढतां येईना. तो वाचला नाहीं. सातव्या महिन्यांत ग्रहणाच्या दिवशीं तिनें गुरांसाठीं गवत कापलें होतें. साऱ्या गांवानें तिला सांगितलें, कीं तुझ्या विळ्यानें पोर गेलें. चाळीस वर्षें तिनें तें मनांत ठेवलें. सुनेला तिनें कोंडलें तें दुष्टाव्यानें नव्हे. आपल्या हातून झालें असें जें तिला वाटत होतें, तें सुनेच्या हातून होऊं नये म्हणून. त्या रात्रीं मीं तिला आठवड्यांचा हिशेब सांगितला. विळा सातव्या महिन्यांतला, ओठ दुसऱ्या महिन्यांतला. तिनें तो बोटांवर दोनदां मोजून पाहिला. मग म्हणाली, "हे मले कोनी आधी काहून नाई सांगितलं?"

मंडळी, या प्रश्नालाही माझ्याजवळ उत्तर नव्हतें. म्हणून सासूबाईंवर रागावूं नका, एवढें सुनांना सांगतों. त्यांच्याजवळ बसा. भीतीच्या मागें कोणतें दुःख आहे तें विचारा, आणि मग हिशेब सांगा.

७ सप्टेंबर २०२५ ला भाद्रपदी पौर्णिमेला खग्रास ग्रहण झालें तें ऐन पावसाळ्यांत. ६ जुलै २०२८ चें खंडग्रास ग्रहणही पावसाळ्यांतच येतें. ३१ डिसेंबर २०२८ चें मात्र हिंवाळ्यांत, आणि चंद्र रात्रीं आकाशांत उंच असतांना. तें कसें पाहावें तें आतां सांगतों.

काळा चष्मा, कांच कांहीं लागत नाहीं. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये हें खरें, कारण सूर्याचा प्रकाश डोळा जाळतो. चंद्रग्रहणांत आपण नेहमीच्या चांदण्याहूनही कमी उजेडाकडे पाहत असतों. कोणाजवळ दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाहीं. अंगणांतला दिवा मालवा, बाज टाका, पांघरूण घ्या, आणि पूर्वेकडे तोंड करा.

रात्रीं साडेआठनंतर चंद्राच्या कडेला काळा डाग दिसूं लागेल. त्याच्या आधीं तासभर चंद्र विरळ छायेंत असतो, पण तें डोळ्यांना फारसें कळत नाहीं. पावणेदहाच्या सुमारास चंद्र पुरता सावलींत जाईल. अकराच्या सुमारास पुन्हां उजेड फुटेल, आणि मध्यरात्रीं, नवें वर्ष लागतें न लागतें तोंच चंद्र मोकळा होईल.

मुलांना एक वही द्या. त्यांत बांगडी ठेवून आधींच वर्तुळें काढून ठेवा. दर पाव तासानें घड्याळ पाहून जेवढा चंद्र झांकला तेवढा भाग पेन्सिलीनें काळा करा. मग त्या सावलीची कड नीट पाहा. ती नेहमीं गोल असते. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा ग्रीस देशाच्या अ‍ॅरिस्टॉटलनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं दिला होता. तुमची मुलें तो अंगणांतून स्वतः काढतील. दुसऱ्या दिवशीं एक ताटली घ्या, बांगडीच्या सुमारें पावणेतीनपट रुंद. तिची कड त्या काळ्या भागाच्या कडेशीं जुळते कीं नाहीं पाहा. चंद्र जेथें आहे तेथें पृथ्वीची सावली चंद्राच्या सुमारें पावणेतीनपट रुंद असते. निमुळती होतांना ती जवळजवळ एका चंद्राएवढी कमी झालेली असते. तें परत मिळवा, म्हणजे पृथ्वी चंद्राच्या पावणेचारपट रुंद हें कळेल. बांगडी आणि ताटली यांनीं पृथ्वी मोजली गेली!

पूर्ण ग्रासांत चंद्र काळा न होतां लाल कां होतो? पृथ्वीभोंवतीं हवेचें आवरण आहे. सूर्याचा प्रकाश त्यांतून जातांना थोडा वांकतो आणि निळा भाग वाटेंतच विखुरतो, तांबडा तेवढा पुढें जातो. त्या क्षणीं साऱ्या पृथ्वीच्या कडेवर जेवढ्या पहाटा आणि जेवढ्या संध्याकाळा चालू असतील, त्यांची तांबडी झांक चंद्रावर पडलेली असते. हवेंत धूळ असेल तर चंद्र अधिक काळवंडतो. १९९१ सालीं फिलिपाइन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्यानंतर डिसेंबर १९९२ च्या ग्रहणांत चंद्र दिसेनासा होण्याइतका काळा पडला. म्हणून वहींत रंगही लिहा: करडा, विटकरी, तांब्यासारखा कीं नारिंगी. दांजाँ नांवाच्या फ्रेंच ज्योतिर्विदानें १९२१ सालीं याच्या पांच पायऱ्या ठरविल्या आहेत, आणि त्या ओळखायला डोळेच पुरतात.

शेवटचें म्हणजे, चांदणें मावळलें कीं तारे उघडतील. पौर्णिमेला न दिसणारे तारे भर मध्यावर दिसूं लागतील. मृग, रोहिणी, कृत्तिका, आणि खालीं झगझगीत व्याध. कृत्तिकेचा झुबका ग्रहणाआधीं मोजा, पूर्ण ग्रासांत पुन्हां मोजा. आजोबांना नक्षत्रें ठाऊक असतात. त्यांना सांगूं द्या, मुलांना लिहूं द्या.

आणि त्या रात्रीं या गांवांत जी कोणी पोटुशी असेल, तिला सर्वांत चांगली बाज द्या, वेळेवर जेवूं घाला, उशाशीं पाण्याचा गडवा ठेवा. झोंप आली तर झोंपूं द्या. जागी असली तर आकाशाकडे पाहूं द्या. ग्रहण कसें पाहावें हें विसरलांत तरी चालेल, पण हें विसरूं नका.